साफ चित्राचा सवाल

आपल्या घरांत चित्रकलेविषयीचा पहिला धडा साधारण सारखाच असतो. माणसाचं, जनावराचं चित्र काढू नये. झाड, डोंगर, नदी काढायला हरकत नाही. हा धडा उगाच आलेला नाही. चित्रं काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्याकडे आला. त्यांनी त्याला सजीवांची चित्रं काढण्यापासून रोखलं आणि काढायचीच असतील तर झाडं आणि निर्जीव वस्तू काढ, असं सुचवलं. ही रिवायत सहीह बुखारीत आहे. दमास्कसच्या उमय्या मशिदीत आठव्या शतकाच्या सुरुवातीला, खलीफा वलीद यांच्या काळात, रंगीत काचेच्या तुकड्यांनी भिंतीवर एक लांबलचक देखावा साकारला गेला. त्यात नदी आहे, मोठे वृक्ष आहेत, घरं आहेत, महाल आहेत. माणूस एकही नाही. तेराशे वर्षं नमाजी त्या भिंतीखाली उभे राहत आले आणि अनेकांनी त्या देखाव्यात जन्नत पाहिली.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. देखाव्याला आमच्या शाळेत 'मंजर' म्हणतात. चित्रकलेच्या तासाला 'मंजर काढा' असं सांगितलं की वह्या भराभर भरतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली वळणावळणाची नदी आणि काठावर नारळाचं झाड. नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या मुलानं असा डोंगरही पाहिलेला नसतो आणि असा नारळही. पण पालकांची तक्रार येत नाही, मौलवीसाहेबांची येत नाही, मुख्याध्यापकांची तर नाहीच. मंजर हे सगळ्यात बिनधोक चित्र.

कॅमेऱ्यानं घेतलेलं छायाचित्र तस्वीर ठरतं की आरशातल्या प्रतिबिंबासारखं असतं, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्या वादात मला पडायचं नाही. तो माझा अधिकारही नाही. माझा सवाल त्याच्या अलीकडचा आहे. ज्या चित्रावर कुणाचाच आक्षेप नाही, ज्यात सजीव कुणीच नाही, ते निव्वळ जंगलाचं, डोंगराचं छायाचित्र खरोखर निर्दोष असतं का? हा सवाल मला कुठल्या किताबात भेटला नाही. मे महिन्यातल्या जंगलात भेटला.

नागपूरच्या आसपासचं उन्हाळ्यातलं जंगल ज्यानं पाहिलं नाही, त्याला ते उजाड वाटेल. इथलं जंगल पानगळीचं. सागाची पानं झडून गेलेली, ऐनाच्या सालीवर मगरीच्या पाठीसारखे खवले, कुलूची पांढरी खोडं उन्हात हाडासारखी चमकणारी. पळसाचा बहर मार्चमध्येच संपलेला असतो. एप्रिल-मेमध्ये कुठे बहावा पिवळा होऊन लटकतो, तेवढाच रंग. पायाखाली वाळल्या पानांचा चुरा. पाऊल टाकलं की आवाज होतो, आणि आपल्याआधी तो आवाज सगळ्या रानाला कळतो.

तरीही देखाव्याची छायाचित्रं घेणारे लोक याच दिवसांत बाहेर पडतात. पावसाळ्यात दहा हातांपलीकडचं दिसत नाही. सगळीकडे हिरवी भिंत. उन्हाळ्यात पडदा उठतो. जमिनीचे चढउतार, नाल्याची कोरडी वळणं, टेकडीमागची टेकडी, सगळं उघडं होतं. फक्त वेळ साधावी लागते. पहाटे साडेपाच ते साडेसात एवढाच काय तो कामाचा उजेड. आठनंतर सावल्या काळ्याकुट्ट होतात, नऊनंतर आभाळ पांढरं पडतं, आणि दहा वाजता तापलेल्या हवेतून लांबची टेकडी पाण्यात बुडवल्यासारखी थरथरते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. शेवटच्या आठवड्यात नवतपा लागला की शहाणी माणसं खिशात कांदा, पोटात कैरीचं पन्हं आणि डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

मग जंगलात त्या वेळी कोण असतं? आपण समजतो, कुणीच नसतं. खरी गोष्ट उलटी आहे. वर्षातल्या कुठल्याही महिन्यापेक्षा विदर्भाच्या जंगलात या दिवसांत माणसं जास्त असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात आणि बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली बसतात. त्यामागोमाग चारोळी. आणि मे लागला की तेंदूपत्ता.

तेंदूची झुडपं फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटतात, म्हणजे मे महिन्यात कोवळी, रुंद पानं फुटतात. पाऊस आला, गारा पडल्या की पान गेलं. त्यामुळे हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. उजाडायच्या आत निघायचं, पानं खुडायची, गाठोडं डोक्यावर घेऊन घरी यायचं, सत्तर-सत्तर पानं मोजून पुडे बांधायचे, दुपारनंतर संकलन केंद्रावर न्यायचे. असे एक हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. अनेक आदिवासी घरांत वर्षाची रोकड म्हणून जी काही हाती येते, तिचा मोठा भाग या थोड्या दिवसांत मिळतो. त्यातूनच पावसाळ्याचं बियाणं येतं आणि मुलांच्या वह्या येतात.

हे पान पुढे कुठे जातं, ते आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. भंडारा-गोंदियाच्या कारखान्यांमार्फत ते घराघरांत गेलं, आणि त्यांत आपल्या मोहल्ल्यांतली घरंही होती. माझ्या नानीच्या मांडीवर सूप असायचं. भिजवलेलं पान फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा, एक वळकटी, दोऱ्याचा वेढा. मजुरी हजारावर. नानीनं आयुष्यात जंगल पाहिलं नाही, पण जंगल तिच्या सुपात रोज होतं. तिच्या खोकल्यातही होतं. जंगल आणि मोहल्ला इतके परके नाहीत. ज्या शहरातून आपण कॅमेरा घेऊन निघतो, ते नागपूर १७०२ च्या सुमारास वसवलं देवगडच्या बख्त बुलंद शाहनं. तो गोंड राजा होता आणि औरंगजेबाच्या काळात त्यानं इस्लाम स्वीकारला होता. आपल्या शहराची पहिली वीटच रानातून आलेल्या माणसानं ठेवली.

आता तो मे महिन्यातला प्रसंग. सुट्टीत आमचा पाच-सहा शिक्षकांचा गट रामटेकच्या उत्तरेला, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच्या जंगलात, गावातला एक माणूस बरोबर घेऊन पहाटे पायी निघाला होता. आमच्यातल्या एका सरांनी वेतन आयोगाच्या थकबाकीतून चांगला कॅमेरा घेतला होता. हात कसबी. एका टेकाडावरून खाली कोरडा नाला दिसत होता, पलीकडे कुलूची चार पांढरी झाडं आणि त्यांच्यामागून वर येणारा तांबूस उजेड. सरांनी तिपाई लावली. तेवढ्यात नाल्यातून सात-आठ बाया तेंदूची गाठोडी घेऊन वर येऊ लागल्या. सर थांबले. म्हणाले, "जाऊ द्या त्यांना. फ्रेम साफ होऊ द्या."

पुढच्या बाईनं ते ऐकलं असावं. ती उभी राहिली आणि विचारलं, "सरकू का जी बाजूला?" सरांनी मान हलवली. बाया झपझप गेल्या. मग सरांनी छायाचित्र घेतलं. ते खरंच सुंदर आलं. पुढे स्टाफरूममध्ये सगळ्यांनी पाहिलं. कुणी तरी म्हणालं, "सुभानल्लाह! इथे माणसाचं पाऊलच पडलेलं नाही असं वाटतं."

सरांनी खोटं काहीच केलं नव्हतं. रंग वाढवले नाहीत, कुठलं झाड पुसलं नाही. त्या क्षणी नाल्यात कुणी नव्हतं, आणि छायाचित्रातही कुणी नाही. पण ते पाहून निघालेला निष्कर्ष मात्र खोटा होता. त्या नाल्यात माणसाचं पाऊल रोज पडत होतं. आमच्या डोळ्यांसमोर पडलं होतं. 'साफ' हा शब्द तेव्हापासून माझ्या मनात अडकला आहे. साफ कशापासून? घर कचऱ्यापासून साफ होतं, कपडा डागापासून. मंजर माणसापासून साफ करायचं, म्हणजे तिथे राबणारा माणूस हा त्या मंजरावरचा डाग, असं आपण न बोलता ठरवलेलं असतं.

कुणी म्हणेल, एका छायाचित्राचा एवढा बाऊ कशाला? घरात टांगायचं चित्र ते. खरं आहे, एक चित्र निरुपद्रवी असतं. पण रिकाम्या जंगलाची हजारो चित्रं पाहिल्यावर मनात जंगलाची एक व्याख्या तयार होते, आणि व्याख्या निरुपद्रवी राहत नाही. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्याचं उदाहरण घ्या. कार्लटन वॉटकिन्स नावाचा छायाचित्रकार १८६१ साली काचेच्या मोठाल्या प्लेटा घेऊन त्या खोऱ्यात गेला. त्याची चित्रं पूर्वेकडच्या शहरांत पोचली, लोक थक्क झाले, आणि १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांनी ते खोरं राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. जगातल्या राष्ट्रीय उद्यानांच्या कल्पनेचं हे एक मूळ. चांगलंच काम झालं. पण त्या चित्रांत जे खोरं माणसाविना शांत दिसतं, त्यात अवघ्या दहा वर्षांपूर्वी, १८५१ साली, सशस्त्र तुकडी घुसली होती आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्या जाळून त्यांना हुसकावलं गेलं होतं. आणखी एक गंमत अशी की, खोऱ्यातली ती मोकळी गवताळ मैदानं, जी पाहून लोक 'कुदरत' म्हणून माना डोलावत, ती त्याच लोकांनी पिढ्यान् पिढ्या ठरवून आग लावून, झुडपं हटवून राखलेली होती. चित्रात त्यांचं काम होतं. ते स्वतः नव्हते.

आपल्याकडेही हेच आहे. नवेगावबांधच्या तलावावर सूर्यास्ताची छायाचित्रं घेतली जातात आणि खाली 'निसर्गाचा चमत्कार' लिहिलं जातं. तो तलाव माणसांनी बांधलेला आहे. भंडारा-गोंदियाच्या कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधण्याची जी विद्या जोपासली, तिचाच तो नमुना. परंपरा त्यासाठी कोलू पाटील कोहळी यांचं नाव सांगते. पेंचमधला तोतलाडोहचा जलाशय तर कालपरवाचा, धरणाचा. त्याच्या शांत निळ्या पाण्यावर मध्य प्रदेशाच्या बाजूच्या ३०५ विस्थापित आदिवासी कुटुंबांच्या मासेमारीचा वाद १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ताडोबाचं तर नावच तिथल्या आदिवासींच्या देवाचं. या सगळ्या ठिकाणी माणूस नंतर येऊन घुसलेला नाही. तो मंजरच्या घडणीत आहे.

जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा, ही व्याख्या एकदा पक्की झाली की जिथे माणूस आहे तिथे तो चुकून आहे असं वाटू लागतं. मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली. ताडोब्यातून बोटेझरी, नवेगाव, जामणी उठली. त्यातल्या कुणाचं पुनर्वसन बरं झालं, कुणाचं नाही, वाघाला निवांत गाभा लागतो की नाही, हे मोठे प्रश्न आहेत आणि त्यांना सोपी उत्तरं नाहीत. वाघाला निवांत जागा लागते, हे मला मान्य आहे. मोह वेचणाऱ्यांनी झाडाखालचा पालापाचोळा जाळला की त्यातून वणवा पेटतो, हेही खरं आहे. गावकरी म्हणजे फरिश्ते, असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की, हा निवाडा पुराव्यावर व्हावा. आणि मूक पुरावा म्हणून आपण जी चित्रं दाखवतो, ती आधीच माणूस बाजूला सरकवून घेतलेली असतात.

इथे मला आपल्याच परंपरेतली एक गोष्ट आठवते. राखीव रान ही कल्पना इस्लामला नवी नाही. तिला 'हिमा' म्हणतात: चराईसाठी राखून ठेवलेला सार्वजनिक भूभाग. हजरत उमर (रजि.) यांनी अशा एका हिमावर हुनय नावाचा रखवालदार नेमला. त्याला दिलेली ताकीद बुखारीत आली आहे. ज्याच्याकडे थोडे उंट, थोड्या शेळ्या आहेत, त्याला आत येऊ दे. आणि इब्न औफ आणि इब्न अफ्फान यांच्या जनावरांपासून जप, असा तिचा आशय. हे दोघे कोण? मोठे सहाबी, पण श्रीमंत. कारण हजरत उमर यांनी स्वतःच सांगितलं: त्यांची जनावरं मेली तरी त्यांच्याकडे खजुरीच्या बागा आहेत, शेतं आहेत; गरिबाची मेली तर तो पोरंबाळं घेऊन माझ्याच दारात येईल. रान राखायचं, पण ते राखताना दार कुणासाठी उघडं आणि कुणासाठी बंद, याचा हिशोब आधी करायचा.

हा हिशोब आज उलटा झालेला दिसतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जीपगाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी घेरलं. कशासाठी? छायाचित्रासाठी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्यानंतर चारच महिन्यांनी, १० मे २०२५ रोजी, चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. एकाच विदर्भातलं हे जंगल. एका बाजूनं पैसे भरून आत गेलेला माणूस वाघाला अडवतो, कारण त्याला चित्र हवं आहे. दुसऱ्या बाजूनं पायी गेलेली बाई वाघासमोर येते, कारण तिला सत्तर पानांचा पुडा हवा आहे. आपल्या भिंतीवरच्या चित्रांत वाघ आहे, झाडं आहेत, पहाटेचं धुकं आहे. ती बाई कुठेच नाही.

मग उपाय काय? प्रत्येक मंजरात गरीब माणूस उभा करायचा? याला माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण आपल्याला चांगलं ठाऊक आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र उघडा. दोन छोटी मुलं टोपी घालून गळाभेट घेताना दिसतात. दरवर्षी तीच दोन मुलं असावीत इतकं ते चित्र सारखं असतं. ताजबागेत उर्सला जा. बुरखा घातलेली बाई, धुपाचा धूर आणि हिरवी चादर टिपायला कॅमेरे टपलेले असतात. त्या बाईला कुणी विचारत नाही. उरलेले तीनशे दिवस ती दवाखान्याच्या रांगेत, शाळेच्या पालकसभेत, बँकेत उभी असते, तेव्हा ती कुणाच्या चौकटीत येत नाही. सजावट म्हणून चित्रात येणं आणि अडचण म्हणून चित्रातून जाणं, दोन्ही आपण अनुभवलेलं आहे. तेंदूवाल्या बाईच्या बाबतीत तेच आपण का करावं? घामाघूम बाईला न विचारता टिपून 'आदिवासी सौंदर्य' म्हणून मिरवणं हे तर साफ चित्रापेक्षाही वाईट. कुरआननं परक्याच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यायला सांगितलं, नजर खाली ठेवायला सांगितलं, टोह घेऊ नका असं बजावलं. ज्याची रोजी जंगलात आहे त्याच्यासाठी जंगल हे घराचं अंगणच आहे. तेव्हा एखाद्यानं अदब म्हणून बाईंना चित्राबाहेर ठेवलं, तर ते वगळणं योग्यच. सौंदर्याला सौंदर्य म्हणून पाहण्यातही गुन्हा नाही. पहाटेच्या उजेडातलं कुलूचं झाड हीसुद्धा अल्लाहची एक आयत, म्हणजे निशाणी आहे, आणि तिच्याकडे पाहताना दर वेळी मजुरीचे दर आठवावेत असं नाही.

म्हणजे एकच रिकामी चौकट कधी अदब असते आणि कधी अन्याय. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक नीयतीत आहे, आणि नीयत छायाचित्रात उमटत नाही. ती उमटते आपण त्या चित्राबद्दल काय बोलतो यात. म्हणून मला वाटतं, छायाचित्राचा विचार तस्वीर म्हणून करण्याबरोबरच गवाही म्हणूनही करायला हवा. छायाचित्र पाहून लोक 'असं आहे' असं मानतात. शब्दांवर शंका घेणारेही चित्रावर घेत नाहीत. यंत्र खोटं बोलत नाही, हा त्यामागचा भरवसा. त्या भरवशाचं काय होतं ते नागपूरकरांनी ३० मे २०२४ ला पाहिलं. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं तापमान ५६ अंश दाखवलं आणि तो आकडा देशभर फिरला. तपासाअंती हवामान खात्यानं यंत्राच्या संवेदकातला बिघाड असल्याचं सांगितलं. त्या आकड्याची तपासणी करायला खातं होतं. छायाचित्रातून निघणाऱ्या निष्कर्षाची तपासणी करायला कुठलं खातं नाही. ती जबाबदारी चित्र घेणाऱ्याची आणि पुढे पाठवणाऱ्याची आहे. गवाही लपवणाऱ्याचं दिल गुनहगार असतं, ही कुरआनची शिकवण व्यवहाराच्या संदर्भात आली आहे. पण माझ्या मते ती इथेही लागू पडते. बाया दिसल्या होत्या. त्या सरकल्या म्हणून चित्र झालं. हे ठाऊक असताना 'इथे माणसाचं पाऊलच पडलेलं नाही' या वाक्यावर गप्प राहणं, म्हणजे गवाही लपवणं.

'मंजर' आणि 'नजर' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. मंजर म्हणजे जिथे नजर पडते ती जागा. इब्नुल हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी प्रकाशावर जो थोर ग्रंथ लिहिला, त्याचंही नाव 'किताबुल मनाजिर'. वस्तूवरून निघालेला प्रकाश सरळ रेषेत डोळ्यात येतो, हे त्यांनी प्रयोगानं दाखवलं, आणि छोट्या छिद्रातून अंधाऱ्या जागेत प्रतिमा कशी पडते याचा अभ्यास केला. कॅमेऱ्याचा हा पूर्वज. पण आलेला प्रकाश पुरत नाही, मन त्याची ओळख पटवतं तेव्हा आपण पाहतो, हेही त्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे डोंगर तिथे असतोच. मंजर आपण बनवतो. जे आपण बनवलं, त्याचा जाब आपल्याला द्यावा लागणार.

२००६ च्या वनहक्क कायद्यानंतर चित्र थोडं बदललं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून गाव स्वतःच्या परवान्यानं बांबू विकू लागलं. पुढे गडचिरोली-गोंदियातल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. कागदावर का होईना, जंगलात माणूस परत आला. छायाचित्रांत तो अजून यायचा आहे.

आज आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराच्या हातात मोबाइल आहे. सुट्टीत मुलं रामटेकला, खिंडसीला, पेंचला जातात आणि मंजर टिपतात. टिपू द्या. उन्हाळ्यातलं जंगल पाहायला शिकलेलं मूल त्रिकोणी डोंगर आणि नारळ काढायचं आपोआप सोडून देईल. त्यांना एवढंच सांगावं: वाटेत कुणी भेटलं तर आधी सलाम-नमस्कार करा, मग कॅमेरा काढा. माणूस चित्रात हवा असेल तर त्याला विचारा. तो नाही म्हणाला तर ते ऐका. माणूस चित्रात नको असेल तर त्याचं काम होईतो तुम्ही थांबा, त्याला सरकवू नका. आणि चित्र पुढे पाठवताना खाली दोन ओळी लिहा: जागेचं नाव, गावकरी म्हणतात तेच, महिना कोणता, आणि त्या दिवशी तिथे कोण काय करत होतं. सरांच्या त्या छायाचित्राखाली मी असं लिहिलं असतं: 'रामटेकच्या उत्तरेचं जंगल, मे महिना. तेंदूपत्त्याचा हंगाम. आठ बाया आत्ताच या नाल्यातून वर गेल्या.'